फुगलेल्या बॅटरीचं गाऱ्हाणं

मुलुंडच्या रवळनाथ सदनात वस्तू मरत नाही, ती गावी जाते. मिक्सर जळला, गावी. पंखा खडखडायला लागला, गावी. खुर्चीचा एक पाय गेला तर तीन पायांवर ती बसच्या टपावर चढते आणि देवगडच्या एखाद्या पडवीत भिंतीला टेकून उरलेलं आयुष्य काढते. या सात मजल्यांच्या जागी पूर्वी बैठी चाळ होती आणि गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावातली बरीच कोकणी बिऱ्हाडं इथे येऊन राहिली होती. चाळ पाडली, लिफ्ट आली. सवय काही खाली राहिली नाही, तीही लिफ्टनं वर चढली. दरवर्षी गणपतीच्या चार दिवस आधी इमारतीची बस गावाला निघते, तेव्हा तिच्या पोटात मुंबईनं टाकून दिलेलं सामान गच्च भरलेलं असतं. टाकून देणं म्हणजे माजणं, असं या माणसांना जन्मापासून शिकवलंय. त्यात खोटं काही नाही. फक्त बॅटरीच्या बाबतीत हे शहाणपण अंगावर उलटतं आणि ते त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

सांगितलं नव्हतं असं तरी कसं म्हणावं? मालन पुजारे गेले तीन आठवडे घसा फोडून तेच सांगत होती.

मालन चौथ्या मजल्यावरची, वय चोपन्न. नऊ वर्षांपूर्वी तिनं स्टेशनजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात काम धरलं. स्कूटरचे, सायकलींचे बॅटरी पॅक तिथं दुरुस्तीला यायचे. आधी ती झाडू मारायची, मग सेल पुसायची, मग हळूहळू मल्टीमीटर हातात आला. आज अशी वेळ आहे की पॅक टेबलावर ठेवला की ती आधी त्याचा वास घेते, मग हात फिरवते आणि मीटर लावायच्या आधीच सांगते की आजारी कोण आहे. गाळ्याची इंजिनिअर संघमित्रा, वय अठ्ठावीस, जालन्याकडची. कॉलेजात शिकलेलं सगळं तिनं मालनला शिकवलं, आणि मालननं तिला हातानं ओळखायला शिकवलं. दोघींचं गूळपीठ असं की गाळ्याचा मालकसुद्धा त्यांना विचारून पंखा लावायचा.

याच गाळ्यात दोन वर्षांपूर्वी एक गंजका पॅक कोणीतरी पिशवीतून आणून कोपऱ्यात ठेवला होता. पिशवीत किल्ल्यांचा जुडगा होता. पितळेची एक किल्ली दोन टोकांना एकदम टेकली आणि पुढच्या पाऊण मिनिटात काय झालं ते मालननं पाहिलं. कोणाला लागलं नाही, कारण सगळे जेवायला बाहेर बसले होते. पण छताचा पत्रा अजून काळा आहे आणि त्या दिवसापासून मालनच्या ओढणीला कायम चिकटपट्टीचं एक रीळ बांधलेलं असतं.

म्हणून बस निघायच्या तीन आठवडे आधी तिनं संघमित्राला सांगून इमारतीच्या फाटकाशी एक डबा ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘जुन्या, फुगलेल्या, बंद पडलेल्या बॅटऱ्या इथे द्या’. आठवड्यानं डबा उघडला तर आत टॉर्चचा एक सेल, वेफर्सची दोन पाकिटं आणि कोणीतरी श्रद्धेनं सोडलेलं निर्माल्य निघालं. बॅटऱ्या कुठे गेल्या? सगळ्या घरात होत्या. मालन दारोदार फिरली. पहिल्या मजल्यावर फुगलेली पॉवर बँक, दुसऱ्यावर डास मारायच्या चार रॅकेटी, पाचव्यावर मेलेल्या इमर्जन्सी दिव्यांची रास. प्रत्येक दारात तेच एक वाक्य.

“गावाक उपयोगी पडतली.”

“अगे, ती हयच चालाक नाय, थय काय करतली?”

“थय हवा बरी आसा.”

गावच्या हवेनं दमा बरा होतो, बॅटरी नाही. पण हे पटवायचं कोणाला? पालथ्या घड्यावर पाणी. मालननं सांगितलं, चार्जर ज्याचा त्यालाच लावा, गादीवर ठेवून चार्जिंग करू नका, फुगलेली दिसली की लावूच नका, टोकांना चिकटपट्टी मारून माझ्याकडे द्या, मी पुढे अधिकृत कारखान्यात पाठवते, तिथे ती फोडून आतला धातू पुन्हा काढतात. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा पाजला आणि बॅटरी पुन्हा माळ्यावर ठेवली.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. रॅकेटीचा जीव केवढा! पण बस निघायच्या आदल्या संध्याकाळी सहाव्या मजल्यावरच्या धाकू घाड्यांनी तिला हाक मारली आणि मोठ्या अभिमानानं पलंगाखालून एक पेटी ओढली.

धाकूआबा म्हणजे इमारतीचे वडीलधारे, वय बहात्तर. बस सुटायच्या आधी देवाला जे गाऱ्हाणं घालतात, ते घालायचा मान त्यांचा. एकानं देवाला हाक मारून मागणं मागायचं आणि बाकी सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा द्यायचा, ही त्याची रीत. गेली बत्तीस वर्षं आबांच्या गाऱ्हाण्याशिवाय त्या बसचं चाक हललेलं नाही. गेल्या वर्षी मात्र गावात त्यांची मान खाली गेली होती. देवळातल्या आरतीला वीज जाणार नाही, मी मुंबईहून बंदोबस्त आणतो, असं ते छातीठोकपणे बोलून आले होते, आणि ऐन आरतीत बंदोबस्तासकट काळोख झाला होता. या खेपेस त्यांनी घाटकोपरच्या एका भंगारवाल्याकडून इलेक्ट्रिक स्कूटरचा जुना पॅक आणला होता.

मालननं तो वाकून पाहिला. कवच एका बाजूनं पुरीसारखं फुगलेलं. सांध्याला चीर. दोन जाड वायरी, त्यांची टोकं उघडी, एकावर कसलीतरी पट्टी गुंडाळलेली. गोडूस वास. तिनं घरून मीटर आणला आणि चिरेतून एकेक कप्पा तपासला. वीसपैकी दोन कप्पे शून्य. आतली राखणदार पाटी, जी चार्जिंग वेळेवर तोडते, ती कोणीतरी आधीच काढून विकली होती.

“आबा, ह्याका चार्जिंगला लावलेलात?”

“काल आक्खो दिवस. इन्व्हर्टरच्या चार्जरार.”

“आबा, वीस बायका नळार घागरी भरतत, त्यातल्या दोघींच्या घागरी फुटक्या. पाणी तर वीस घागरींचा सोडलात. मग ता जास्तीचा पाणी खय जाता? बाकीच्या अठरांच्या डोक्यार! ही बॅटरी तशी तापता. ही बसमध्ये न्हेव नुको.”

“चार्ज घेता मां? मगे मेली कशी?”

“आबा, पाया पडतंय तुमच्या.”

आबांनी पेटी पुन्हा पलंगाखाली ढकलली. त्यांच्या बायकोनं, द्रौपदीकाकीनं, स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि ती पुन्हा आत गेली.

“तुझ्या बापाशीकडसून मी गाऱ्हाणा शिकलंय,” आबा म्हणाले. “आता त्येचा चेडू माका बॅटरी शिकयतला? देवळात काळोख झालो तर गावात तोंड कोणाक दाखवू?”

मालनचे वडील गावचे गावकर, देवळातले पहिले मानकरी होते. त्यांच्या गाऱ्हाण्याला चार वाड्यांतली माणसं गोळा व्हायची. त्यांचं नाव निघाल्यावर मालननं मीटर गुंडाळला. ती खाली आली आणि तिनं बस काढणाऱ्या मंडळाचा सेक्रेटरी नितेश याला गाठलं. नितेश बँकेत कामाला, हुशार पोरगा, पण आबांपुढे त्याचं मांजर व्हायचं.

“काकी, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के. पण आबांना सांगणार कोण? त्यांनी रुसून गाऱ्हाणं नाही घातलं तर अर्धी बिल्डिंग खाली उतरेल. वाट लागेल यार.”

त्या रात्री मालनला झोप लागली नाही. नवरा नंदकुमार आठवडाभर आधीच घर रंगवायला गावी गेला होता, मुलाला कामावरून सुट्टी नव्हती. बसमध्ये तिच्याबरोबर सून प्रियंका आणि सहा वर्षांचा नातू प्रांजल असणार होते. त्यांच्या सीटचे नंबर सतरा आणि अठरा. सामानाचा कप्पा नेमका त्यांच्या खाली होता.

सकाळी सातला बस फाटकाशी लागली. मालन साडेसहापासून उभी, पण आबांची पोती पहाटेच खाली येऊन ढिगात मिसळली होती आणि बस लागताच मंडळाच्या पोरांनी सगळी कप्प्यात आत सारली होती. पांढरी, सगळी सारखी पोती. तांदळाची, मखराच्या सामानाची, भांड्यांची. ती ड्रायव्हरकडे गेली. माणूस सरळ होता.

“बाई, कोणतं पोतं ते दाखवा, आत्ता काढतो. पण चाळीस पोती उलथायची असतील तर तुमच्या अध्यक्षांना विचारा. मला चिपळूणपर्यंत उजेडात जायचंय.”

अध्यक्ष नव्हता, आबा होते. मालन त्यांच्यापाशी गेली. “आबा, पेटी खय ठेवलात?” आबांनी गळ्याला हात लावला आणि मान हलवली. गळ्याभोवती मफलर होता. तीन दिवसांच्या भजनाच्या तालमीत ओढलेला आवाज त्यांनी काल रात्री पुरता घालवला होता. असा बसला होता घसा की फुंकर मारल्यागत आवाज यायचा. आता त्या मान हलवण्याचा अर्थ पेटी नाही आणली असा की सांगणार नाही असा, ते रवळनाथालाच ठाऊक. मालनला मात्र ठाऊक होतं. रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रियंकानं तोवर सतरा-अठरावर चादर टाकून प्रांजलला खिडकीशी बसवलंही होतं.

“प्रियंका, खाली उतर. त्याला घेऊन उतर.”

“आई, सगळे बसलेत. तुम्ही उगाच...”

“उतर म्हणते ना!”

प्रियंकानं सासूचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं पोराला घेऊन उतरली. पण बेचाळीस सीटांना असं कसं उतरवणार? दोन जीव खाली उतरवून चाळीसांना जाऊ द्यायचं, हे मालनच्या मनाला झेपणारं नव्हतं. प्रत्येक खिडकीतलं तोंड तिच्या ओळखीचं होतं. निम्म्यांच्या बारशाला ती जेवली होती.

इकडे गाऱ्हाण्याची वेळ झाली. बसपुढे पाट मांडला, त्यावर नारळ, हळदीकुंकू, उदबत्ती. मंडळी खाली उतरून अर्धवर्तुळात उभी राहिली. आबा पुढे आले, हात जोडले, तोंड उघडलं. आतून आला तो नुसता वारा.

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. गाऱ्हाणं येतं कोणाला? तरुण पोरांना ‘व्हय म्हाराजा’ पाठ, पुढचं मागचं काही नाही. नितेशनं चटकन मोबाईल काढला. त्यावर कोणाचंतरी गाऱ्हाणं रेकॉर्ड केलेलं होतं.

“आबा, हे लावू का? झकास क्लिअर आहे.”

आबांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मोबाईल आपोआप खिशात गेला. मग फुंकरीच्या आवाजात म्हणाले, “देवाक कॅसेट ऐकयतास?”

ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं. द्रौपदीकाकी पुटपुटली, राहुकाळ लागतला. आणि मालनच्या पायांनी तिला न विचारताच दोन पावलं पुढे टाकली.

“मी घालतंय.”

क्षणभर कोणाला समजलंच नाही. बाईनं गाऱ्हाणं घालायचं हे इथे कोणी ऐकलेलं नव्हतं. मागून कोणीतरी फिसकन हसलं. मालन फक्त आबांकडे पाहत होती. आबांनी तिला वडिलांच्या मांडीवर बसून त्यांच्याबरोबर ओठ हलवताना पाहिलेलं होतं, तेव्हा ते स्वतः शिकाऊ होते.  मग त्यांनी मान खाली घातली आणि पाटासमोरून एक पाऊल बाजूला झाले.

मालननं ओढणी खोचली आणि हात जोडले. खरं सांगायचं तर त्या घडीला तिच्या डोक्यात काही बेत नव्हता. बस सुटू नये, एवढंच होतं. डोळे मिटले आणि वडिलांचा आवाज कुठून तरी तिच्या घशात येऊन बसला.

“बा देवा रवळनाथा!”

“व्हय म्हाराजा!” सवयीनं उत्तर आलं, थोडं बिचकत.

“आज जी काय ही तुझी लेकरा मुलुंडातसून तुझ्या पायाकडे येवक निघाली हत...”

“व्हय म्हाराजा!”

“त्येंच्या गाडयेक, गाडयेच्या चाकाक नि डायवराच्या डोळ्यांक राखण दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता आवाज भरला. ड्रायव्हरनंही हात जोडले.

“कोणाचा ओकणा, कोणाची पोटदुखी, सासवासुनांचा भांडाण, सगळा हयच मुलुंडात ऱ्हवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हशा पिकला आणि त्या हशासकट लोक तिचे झाले. मालनला ते कळलं. गाऱ्हाण्याचा एक गुण असा की हाक आली की व्हय आपसूक निघतो, विचार मागाहून येतो. वडील म्हणायचे, म्हणूनच घालणाऱ्यानं जपून बोलावं, कारण गाऱ्हाण्यात दिलेला व्हय माणसाला दिलेला नसतो, तो देवाला दिलेला असतो, आणि तो मोडणाऱ्याच्या घरी गावातलं कोणी पाणी पीत नाही. बत्तीस वर्षं आबाही हेच सगळ्यांना बजावत आले होते.

मालननं डोळे उघडले. समोर सगळ्यांचे हात जोडलेले होते. आता तिला नेमकं कळलं होतं ती काय करणार आहे.

“आणि ह्या लेकरांतसून ज्या कोणाच्या पिशयेत, पोत्यात, पेटयेत फुगलेली, फुटलेली, मेलेली बॅटरी आसात...”

“व्हय म्हाराजा!”

“ती आत्ताच्या आत्ता, ह्या नारळाच्या साक्षीन भायर येवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ती भायर येयसर ह्या गाडयेचा चाक हलूचा नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हा...” शेवटचा शब्द सगळ्यांच्याच तोंडात अडकला. पण व्हय जाऊन पोचला होता.

कोणी हललं नाही. मालननं हात सोडले नाहीत आणि पुढचं वाक्यही म्हटलं नाही. गाऱ्हाणं अर्धवट होतं, नारळ आख्खा होता, आणि अर्धवट गाऱ्हाण्यावर गाडी काढायची हिंमत त्या फाटकाशी कोणाच्या बापात नव्हती. ती आबांकडे पाहत होती. आबांना आवाज नव्हता, पण ओठ हलले होते. तिन्ही वेळा हलले होते. तिनं ते पाहिलं होतं, आणि तिनं पाहिलंय हे आबांनीही पाहिलं होतं.

पहिली पुढे आली ती द्रौपदीकाकी. पर्समधून रबरबँडनं बांधलेला, पाठ फुगून उघडलेला जुना फोन काढला आणि पाटापाशी ठेवला. “काल घरातच तुका सांगूक होया होता गो,” एवढंच म्हणाली. मग नितेश. त्याच्या सॅकमधून तीन पॉवर बँका निघाल्या, त्यातली एक डोशासारखी वर उचललेली. तो मान वर करेना. मग जो ओघ सुरू झाला तो थांबेचना. पोती उघडली, ट्रंका उघडल्या, कोणी लोणच्याच्या बरणीच्या पिशवीतून इमर्जन्सी दिवा काढला, कोणी साडीच्या घडीतून रॅकेट. माणसं एकमेकांना हसायला लागली, हसता हसता धावायला लागली. “तुझ्याकडे पण हाय? माका वाटला मीच येडो!” मालननं ओढणीचं रीळ सोडलं आणि चार बायकांना शिकवलं, प्रत्येक टोकाला पट्टी, एकमेकींना टेकवायच्या नाहीत, फुगलेल्या वेगळ्या, दाबायच्या नाहीत. प्रियंका रीळ फाडून द्यायला पहिली बसली. सासूकडे न बघता म्हणाली, “आई, सॉरी हं.”

मालननं तेवढ्यात गाळ्यात फोन लावला. “संघमित्रा, वाळूचा ड्रम घेऊन टेम्पो आण. आत्ता. आणि आपण तपासून ठेवलेला तो नवा पॅक पण.”

त्रेसष्ट वस्तू निघाल्या. आबा अजून जागेवरच होते.

  शेवटी आबांनी मफलर सोडून खांद्यावर टाकला आणि सरळ सामानाच्या कप्प्याकडे चालत गेले. मंडळाची पोरं मदतीला धावली, त्यांनी हातानं त्यांना मागे सारलं. एक पोतं बाहेर ओढलं, दुसरं, तिसरं. सातव्यावर थांबले. दोरी सोडली.

आत पेटी, आणि पेटीला टेकून देवळासाठी घेतलेली पितळेची मोठी समई. सामान आत सारताना पेटीचं झाकण उचकटलं होतं. वायरीची पट्टी सुटून खाली लोंबत होती. एक उघडं टोक समईच्या दांड्याला लागलेलं, दुसरं बोटभर अंतरावर. दांड्यावर काळा, ताजा डाग होता. म्हणजे एकदा टेकून सुटलं होतं. कप्पा बंद होऊन बस निघाली असती आणि घाटात एकदा डावीउजवी झाली असती, तर ते बोटभर अंतर राहिलं नसतं.

आबांनी पेटीवर तळवा ठेवला आणि तो तसाच ठेवून ते उभे राहिले. 

“गरम आसा,” ते म्हणाले.

“हात काढा आबा. मागे व्हा.” मालनचा आवाज आता गाळ्यातला होता. “सगळे भिंतीपलीकडे. प्रांजलला घेऊन जा. ड्रायव्हरदादा, बस वीस फूट पुढे घ्या.”

तिनं पिशवीतले रबरी हातमोजे चढवले, आधी समई अलगद बाजूला केली, एक टोक गुंडाळलं, मग दुसरं. पेटी न कलंडवता उचलून मोकळ्या जागेत ठेवली. तेवढ्यात टेम्पो आला. संघमित्रानं उतरता उतरता पेटी पाहिली, वास घेतला आणि दोघींनी मिळून ती कोरड्या वाळूत उतरवली, वरून आणखी वाळू टाकली. पाच मिनिटं दोघी ड्रमपाशी उभ्या. संघमित्रानं वाळूच्या आत तापमापकाची काडी घालून तापमान पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“उतरतंय,” ती म्हणाली. “ताई, जमलं.”

भिंतीपलीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. नितेशनं शिट्टी मारली. बायकांनी मालनला मिठ्या मारून बेजार केलं आणि मालन, जी गेले तीन आठवडे घसा फोडत होती, ती ओक्साबोक्शी रडली आणि रडता रडता हसली. संघमित्रानं त्रेसष्टच्या त्रेसष्ट वस्तू मोजून पेट्यांत लावल्या. अधिकृत कारखान्यात यांची भुकटी होईल, तीतून धातू निघेल, त्याच्या पुन्हा बॅटऱ्या होतील, हे तिनं जमलेल्या बायकांना सांगितलं. “म्हणजे टाकलं नाही ना काही?” एका आजीनं खात्री करून घेतली. “नाही आजी, काहीच टाकलं नाही.” आजीला केवढं हायसं वाटलं!

मग संघमित्रानं नवा पॅक आबांच्या हातात दिला. डब्याएवढा, बंद, टोकं झाकलेली, सोबत त्याचाच चार्जर.

“आबा, हा आम्ही दोघींनी बनवलाय. अर्धाच भरलाय, प्रवासात तेवढाच ठेवायचा. सामानात टाकू नका, मांडीवर घ्या. गावी जाऊन दिवसा, माणूस जागं असताना भरा. चार आरत्या सहज निघतील.”

आबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग द्रौपदीकाकीच्या हातात दिला आणि पाटाकडे वळले.

गाऱ्हाणं अजून पुरं व्हायचं होतं. पाऊण तास उशीर झाला होता, राहुकाळ लागून गेला होता आणि त्याबद्दल एका शब्दानं कोणी कुरकुरलं नाही. मालननं डोळे पुसून पुन्हा हात जोडले आणि गाऱ्हाणं शेवटाला नेलं, वडील न्यायचे तसंच, चुकलंमाकलं पदरात घे म्हणत. आता नारळ फोडायचा. तो आबांनीच फोडायचा, कारण त्यांच्याकडे बाई नारळ फोडत नाही. का फोडत नाही ते कोणाला सांगता येत नाही, पण फोडत नाही.

आबांनी नारळ उचलला. शेंडी नीट केली. मग वळले आणि तो मालनपुढे धरला.

मालन मागे सरली. “आबा, तुमी...”

“फोड.”

तिनं नारळ घेतला. त्याचं वजन हातात आलं तेव्हा तिला वडील आठवले. तिनं दगडाकडे पाहिलं, हात उंच नेला आणि आणला खाली. एका घावात दोन भकलं झाली. पाणी बसच्या चाकावर उडालं. त्या क्षणी, बाकी कोणी तोंड उघडायच्या आत, बसलेल्या घशातून, फाटक्या आवाजात, पण सातव्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असा धाकूआबांचा व्हय आला.

“व्हय म्हाराजा!”